अर्धा इंच

"किती सोडू?" भामरेकाकूंनी विचारलं.

"अर्धा इंच."

"दोन्ही बाजूंनी?"

"हो. आणि जुन्या टिपेची रेघ दिसायला नको."

काकूंनी शलाकाचा आकाशी कुर्ता उलटा करून मशीनवर पसरला, चष्मा नाकावर ओढला आणि काखेखालची शिवण बोटांनी चाचपली. रिंग रोडच्या मागच्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या मुलींचे शाळेचे कपडे तिथेच शिवले जायचे.

"वहिनी, मागच्या महिन्यातच अर्धा सोडला होता की. शाळा सुरू होऊन दोन महिनेसुद्धा नाही झाले."

"वाढीचं वय आहे, काकू."

"वाढीच्या वयात पोर उंच होते. ही तेवढीच आहे." त्यांनी कुर्त्याची लांबी वितीनं मोजून दाखवली. "तिलाच घेऊन या ना एकदा. नीट माप घेते, नवा शिवून टाकू."

"नको, नको! तिला कळता कामा नये."

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तिचा कुर्ता, आणि तिलाच कळू नये?"

दुकानात आम्ही दोघीच होतो, तरी मी आवाज खाली आणला. "मुलींचं मन या वयात फार हळवं असतं, काकू. एखादा शब्द चुकीचा गेला ना, तर जन्मभर घर करून बसतो."

"बरं, बरं," काकू म्हणाल्या. दोन मुली वाढवून, लग्नं करून त्यांनी सासरी धाडल्या होत्या. मनं हळवी असतात हे त्यांना त्या वेळी कुणी सांगितलं नसावं. त्यांनी ब्लेडचं पातं घेऊन टीप उसवायला सुरुवात केली. "ओल्या फडक्यानं पुसून गरम इस्त्री फिरवते. पण सांगून ठेवते, सगळी खूण नाही जायची. कापडात जिथं दोरा शिरला, तिथं तो शिरला."

"वरवर दिसली नाही म्हणजे झालं," मी म्हणाले.

त्या वर्षी शलाका नववीत होती आणि मी छत्तीस वर्षांची. मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं होतं, सेकंड क्लासमध्ये. पण लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग करायला मला एकच माणूस मिळालं होतं आणि ते आता चौदा वर्षांचं झालं होतं. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधले 'किशोरवयीन मुलींचे पालक' अशा मथळ्याचे लेख मी कापून फाइलला लावत असे. महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेननं रेघा मारत असे.

त्याला कारण होतं. मी चौदा वर्षांची असताना, सावद्याला मामाच्या लग्नात, भर पंगतीत माझी आई मला म्हणाली होती, "हेमा, ती तिसरी पुरी ठेव खाली. आधीच दारातून आडवी होऊन जातेस." सगळी पंगत हसली. वाढपीही हसला. पुरी माझ्या हातातच होती. तोंडात घालावी तर पंचाईत, ताटात ठेवावी तर पंचाईत. त्या दिवशी मी ठरवलं होतं, आपल्याला मुलगी झाली तर तिच्या अंगाविषयी आपण चकार शब्द काढायचा नाही.

आणि मी तो शब्द पाळला. आमच्या घरात जाड, बारीक, वजन, पोट, गाल हे शब्द उच्चारायला बंदी होती. ह्यांनी एकदा, फक्त एकदाच, मे महिन्याच्या सुट्टीनंतर म्हटलं, "शलू, मामाकडचा आमरस गालांवर दिसतोय गं!" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की उरलेलं जेवण त्यांनी गॅलरीत उभ्याउभ्या उरकलं.

पण ते खोटं बोलत नव्हते. रावेरला मामाकडे महिनाभर आमरस-पुरी झाली होती आणि पोरगी चांगली भरली होती. शाळेच्या पहिल्या दिवशी कुर्त्याची बाजूची चेन अर्ध्यावर अडकली. शलाका आरशासमोर श्वास कोंडून, पोट आत ओढून ती वर खेचत होती. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. माझं पाहणं तसं तिला कधी कळत नसे, असा माझा समज होता.

त्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "आई, मी जाड झालेय का गं?"

"छे!" मी म्हणाले. "कोण म्हणतं? धुतल्यावर कापड आटलंय ते."

आणि दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेल्यावर मी दोन्ही कुर्ते पिशवीत घालून भामरेकाकूंकडे गेले.

एवढ्यावर थांबले असते तर मी मी नसते. बाथरूमच्या दाराशी वजनाचा काटा होता, ह्यांच्या रक्तदाबामुळे जुना बदलून नवा आणलेला. त्याच्या पोटाखाली एक दातेरी चकती असते. ती फिरवली की काटा शून्याच्या मागे-पुढे सरकतो. मी ती हळूच फिरवून काटा दोन किलो मागे आणला. शलाकाला धीर येईल, एवढाच हेतू. धीर आला तो ह्यांना. तिसऱ्या दिवशी काट्यावर उभे राहून हे ओरडले, "हेमांगी, दोन किलो उतरलो! चालण्याचा परिणाम!" त्या आनंदात त्यांनी चालणं बंद केलं आणि नाश्त्याला पुन्हा साजूक तुपातला शिरा मागायला लागले.

दुसऱ्यांदा सोडून आणलेला कुर्ता शलाकानं एका सोमवारी घातला. मी पोळ्या लाटत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"आई, बघ."

तिनं कुर्ता दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ताणून दाखवला. "सैल झालाय!"

"खरंच की!" मी लाटणं हातात तसंच धरून म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी? नवं कापड असतं, आधी आटतं, मग सैल पडतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती हसली आणि स्वयंपाकघराच्या दारातच तिनं एक गिरकी घेतली. ओढणी तव्यापर्यंत गेली.

"सांभाळ, पेटेल!" मी ओरडले. मनातून मात्र मी स्वतःला फर्स्ट क्लास देऊन टाकला होता. विद्यापीठानं राखून ठेवलेला.

त्या आठवड्यापासून ती डब्यात एक पोळी कमी मागायला लागली.

"का गं?"

"मधल्या सुट्टीत भूकच नसते. आणि वेळ पण नसतो, आई. सगळ्या ग्राउंडवर जातात."

मी वाद घातला नाही. माझ्या फाइलमध्ये लाल रेघ मारलेली ओळ होती, 'जेवणाच्या ताटाचे भांडणाचे मैदान करू नका.' ती ओळ लिहिणाऱ्या बाईंना कदाचित असं म्हणायचं नसेल की ताटाकडे बघूच नका. पण मी हुशार विद्यार्थिनीसारखी ती पाठ केली होती.

रविवारी आमच्याकडे वरणबट्टी. एरवी शलाका चार बट्ट्या कुस्करून त्यावर तुपाची धार धरायला लावायची. आता ती एक बट्टी घ्यायची, तिचा चुरा करायची आणि तो चुरा ताटभर अशा बेतानं पसरायची की ताट भरलेलं दिसावं. घोटलेल्या वांग्याची भाजी तिच्या वाटीत सकाळची संध्याकाळपर्यंत राहायची.

"शलू, तूप घे," हे म्हणाले.

"घेतलं बाबा."

तिनं घेतलं नव्हतं. मी पाहिलं होतं. तिनंही मी पाहिलेलं पाहिलं. क्षणभर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, आणि आता कुणीतरी काहीतरी बोलायला हवं, असं मला वाटलं.

"यंदा उकाडा जरा कमी आहे, नाही?" मी म्हणाले.

गौरींना माझी मोठी नणंद आली. प्रमिलाताई. जळगाव जिल्ह्यात त्यांच्या जिभेला घाबरत नसेल असं घर सापडणं कठीण. दारात पाऊल टाकता टाकताच त्यांनी शलाकाला पाहिलं आणि हातातली फुलांची परडी खाली ठेवली.

"अगबाई! ही आपली शलाका? केवढी बारीक झालीस गं! काय करतेस, मला पण सांग. अगं, मे महिन्यात बघितली तेव्हा मी म्हटलं, हिचं नाव शलाका कुणी ठेवलं? खांब ठेवायला हवं होतं!"

त्या खळखळून हसल्या. शलाकाही हसली, आणि "काही नाही हो आत्या, शाळेची धावपळ," म्हणत आत गेली.

मी ताईंना स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, तिच्यासमोर असं नका ना बोलू."

"अगं, कौतुकच केलं की!"

"कौतुकही नको. अंगाविषयी काहीच नको."

"मग काय मुक्यानं हळदीकुंकू लावू? आमच्या वेळी—"

"तुमच्या वेळी माहीत नव्हतं, ताई. आता माहीत आहे."

"काय माहीत आहे गं तुम्हाला?" ताईंनी पदर खोचला. "पोरगी वाळत चाललीय, एवढं तरी दिसतंय ना?"

मी मनात हसले. ताईंना काय ठाऊक! शलाकानं घातलेला मोरपंखी पंजाबी ड्रेसही मीच काकूंकडून सोडवून आणला होता. कपडा ढगळ असला की माणूस वाळल्यासारखं दिसतंच. ताईंचे डोळे भामरेकाकूंच्या टिपेला फसले होते. अख्ख्या गणगोतात खरी गोष्ट माहीत असलेली मी एकटी होते, आणि त्या ज्ञानाची मला इतकी ऐट होती की त्या संध्याकाळी शलाकाच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या, तेव्हा मला वाटलं, मापाची चूक झाली. बांगड्यांच्या मापाची.

नवरात्रात शाळेचा गरबा होता. सगळ्या मुलींना एकसारखे घागरे शिवायचे होते आणि ते काम भामरेकाकूंकडेच होतं. माप द्यायला शलाकाला घेऊन जाणं भाग होतं. काकूंनी पडद्यामागे तिचं माप घेतलं आणि मग तिला म्हणाल्या, "जा बाळ, बाहेर ओट्यावर बस. आईशी कापडाचं बोलते."

ती गेल्यावर त्यांनी मापाची वही माझ्यापुढे धरली. शाळेचे कुर्ते शिवले तेव्हाचं एप्रिलचं पान आणि आजचं पान.

"कंबर तीन इंच कमी, वहिनी. छाती अडीच."

"एप्रिलमध्ये तुम्ही सैल माप घेतलं असेल."

"चाळीस वर्षं मापं घेते मी."

"मग टेप ताणली असेल. जुनी झालीय."

काकूंनी टेप टेबलावर पसरली आणि तिच्याशेजारी आपली लाकडी पट्टी लावली. इंचाला इंच बरोबर जुळत होता. त्यांनी शेवटपर्यंत जुळवून दाखवलं.

"तुमच्या सांगण्यावरून मी तीन वेळा सोडलं," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यांदा गरज होती. दुसऱ्यांदा मला शंका आली होती. तिसऱ्यांदा, गौरींच्या आधी, तुम्ही म्हणालात म्हणून सोडलं. आता ती समोरून आली की मला ओळखू येत नाही, कपडा सैल आहे, की पोरगीच आत राहिली नाही. तुम्हाला येतं का?"

मी पडद्याच्या फटीतून ओट्याकडे पाहिलं. शलाका पाठमोरी बसली होती. कुर्ता तिच्या खांद्यांवरून दांडीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता. त्यातला किती ढगळपणा मी केलेला आणि किती तिनं, याचा हिशेब मला लागेना. घरात खरं सांगणारी दोनच साधनं होती, कपडे आणि काटा. दोन्ही मी माझ्या हातांनी बिघडवून ठेवली होती.

"माझ्या पोरींना मी तोंडावर म्हशी म्हणायचे," काकू वही मिटत म्हणाल्या. "ते काही बरं नव्हतं. पण निदान मी काय म्हणतेय हे त्यांना ऐकू तरी यायचं."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला शाळेतून फोन आला. शलाका प्रार्थनेच्या रांगेत उभ्याउभ्या कोसळली होती.

डॉक्टर वराडे साठीच्या होत्या, आणि बोलायला कोरड्या. त्यांचा दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला तपासायचं बाकडं आणि भिंतीशी पांढरा, उंच, सरकत्या वजनांचा काटा. शलाका बाकड्यावर बसून ग्लुकोजचं पाणी घोट घोट पीत होती. हे कामासाठी भुसावळला गेले होते. मी एकटीच होते.

"किती दिवस जेवत नाही?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"जेवते तशी. कमी जेवते."

"पाळी?"

"नियमित," मी म्हणाले.

"जुलैनंतर नाही आली," शलाका म्हणाली.

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदावर लिहिलं. "वजन आधी किती होतं?"

"नक्की नाही सांगता येणार."

"घरी काटा नाही?"

"आहे."

"मग?"

"तो जरा..." मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिले. बाळांच्या सगळ्या लशी तिथे महिन्यांप्रमाणे लिहिल्या होत्या. माझ्या मुलीच्या त्या सगळ्या वेळेवर झाल्या होत्या.

"काटा दोन किलो कमी दाखवतो," शलाका म्हणाली. "मी दोन मिळवून लिहिते." तिनं दप्तरातून रफवही काढली आणि मागचं पान उघडलं. "पंधरा जून, अठ्ठावन्न. आज सकाळी सत्तेचाळीस."

"काटा कमी का दाखवतो?" डॉक्टर.

"आईनं फिरवलाय." तिच्या आवाजात राग नव्हता. प्रयोगवहीत निरीक्षणं लिहितात तसं ती सांगत होती. "आणि कुर्ते पण तीच सोडवून आणते. भामरेकाकूंकडून. तीन वेळा."

"तुला कसं कळलं?"

"इस्त्री मीच करते ना, आई. सातवीत तूच शिकवलीस, स्वावलंबन म्हणून. वाफ लागली की जुन्या टिपेची भोकं दिसतात."

"कधी दिसली?"

"पहिल्याच वेळी."

मला त्या सोमवारची सकाळ आठवली. "मग ती गिरकी? सैल झालाय म्हणून नाचलीस ती?"

शलाकानं ग्लास खाली ठेवला. "तू इतक्या आशेनं बघत होतीस, आई. लाटणं हातात धरून. मला वाटलं, काहीतरी करायला पाहिजे."

डॉक्टर वराडेंनी पेन टेबलावर ठेवलं. त्या मधे बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अगं, पण मग विचारायचंस मला!" मी म्हणाले. "सरळ विचारायचंस!"

"विचारलं होतं. जूनमध्ये. तू म्हणालीस, कापड आटलं."

"मला तुला दुखवायचं नव्हतं."

"माहितीये." तिनं मान खाली घातली आणि रफवहीचा कोपरा दुमडत राहिली. "आत्या बोलायची, वर्गातली मुलं बोलायची, बाबा पण एकदा बोलले. त्याचं मला एवढं काही नाही वाटलं. म्हटलं, बोलण्याइतकी जाड असेन. पण तू तर काहीच बोलत नव्हतीस. चोरून कपडे न्यायचीस, चोरून आणायचीस. काट्याला पण हात लावलास. मग मला वाटलं, हे बोलण्याच्या पलीकडे गेलं असणार. आईच्या तोंडून निघत नाही, म्हणजे किती असेल!"

बाहेरच्या बाकावर कुणाचं तरी बाळ रडत होतं आणि त्याची आई त्याला "काही नाही, काही नाही" म्हणून समजावत होती.

त्या पोरीला पुन्हा भूक लागायला पुढे दीड वर्ष गेलं. रक्ताच्या तपासण्या, दर गुरुवारी दवाखान्यात फेऱ्या, समुपदेशक बाईंसमोर तासतासभर बसणं. मीही बसले, त्यांच्यासमोर बी.ए.चा उल्लेख न करता. आता शलाका चोवीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते, आणि ही गोष्ट मैत्रिणींना माझ्यापेक्षा चांगली सांगते. फक्त त्या सकाळची पुढची पाच मिनिटं ती गाळते. ती मीच सांगितली पाहिजेत.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "घरचा काटा भंगारात द्या. आजपासून वजन इथंच. दर गुरुवारी, या काट्यावर. चल बाळ, उभी राहा."

शलाका हलली नाही.

"चल."

"नको."

"का?"

"सगळ्यांसमोर नको."

"सगळ्या म्हणजे कोण? मी आणि तुझी आई."

"तेच," शलाका म्हणाली.

डॉक्टरांनी उठून बाहेरचं दार लावलं, पडदाही ओढला. तरी शलाका बाकड्याची कड दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. नखं पांढरी पडली होती. आकडे ती रोज बंद दाराआड लिहीत होती. पण कुणीतरी बघत असताना काट्यावर उभं राहायची तिची तयारी नव्हती. वजन झाल्याशिवाय डॉक्टर औषध लिहिणार नव्हत्या आणि ती उठल्याशिवाय वजन होणार नव्हतं.

"शलू, अगं, काही होत नाही," मी म्हणाले. "त्यात घाबरण्यासारखं काय आहे? वजन म्हणजे नुसता एक आकडा. शाळेच्या हजेरीतल्या नंबरासारखा. त्याच्यावरून का माणूस ठरतं?"

हे वाक्य मी फाइलमधूनच उचललं होतं. त्याखाली दोनदा लाल रेघ होती.

"मग तू उभी राहा आधी," शलाका म्हणाली.

"मी?"

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आई आधी. मग तू. कबूल?"

शलाकानं मान हलवली. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं आणि ते किती सोपं होतं! मला हुरूप आला. असा हसरा, सहज चेहरा करून उभी राहणार होते मी, की पोरीची भीती जागच्या जागी विरावी.

"त्यात काय एवढं!" म्हणत मी उठले.

पर्स खुर्चीवर ठेवली. चपला काढल्या. काट्याजवळ गेले, मग परत येऊन कमरेला खोचलेला मोबाइल काढून पर्सशेजारी ठेवला. घड्याळ काढलं. रुमाल. चष्मा काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. हातातल्या चार बांगड्या एकेक करून उतरवल्या. त्यातली एक जरा घट्ट होती, ती थुंकी लावून काढली. केसांतली मोठी क्लिप काढली. निऱ्यांना लावलेली पिन काढली. मग पदर खांद्यावर आवळून घेतला, छातीतली सगळी हवा सावकाश सोडून दिली आणि एक पाऊल उचललं. हे सगळं मी विचार करून केलं नव्हतं. सवयीनं हात आपोआप चालत होते. घरी रोज सकाळी, अंघोळीच्या आधी, दार लावून मी असंच करत आले होते, लग्नाच्याही आधीपासून.

खोलीत काहीच आवाज येईना, तेव्हा मी थांबले. डॉक्टर वराडे माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी टेबलावर ओळीनं मांडलेल्या माझ्या वस्तूंकडे पाहिलं, घड्याळापासून पिनेपर्यंत.

"आई," पाठीमागून शलाका म्हणाली. अगदी मऊ आवाजात, लहान मुलाला बुटाची नाडी सुटल्याचं सांगावं तशी. "मंगळसूत्र राहिलं."

मी वळून पाहिलं. ती हसत होती की रडत होती, ते चष्म्याशिवाय मला नीट दिसलं नाही. माझा हात मात्र तोवर मानेमागे, आकड्यापर्यंत पोचला होता.